जुनी किट कार विकत घेताना : कागद, चॅसिस आणि अस्सलतेची परीक्षा

(१)
ब्रिटनमध्ये जुनी किट कार विकत घेणारा माणूस नकळत इतिहास-संशोधकाचे काम करीत असतो. त्याच्यासमोर एक वस्तू असते, तिच्यासोबत काही कागद असतात, आणि ते कागद याच वस्तूविषयी बोलतात की नाही, हे त्याला ठरवायचे असते. नेहमीच्या मोटारीच्या जन्माची ग्वाही कारखाना देतो. किट कार मात्र सुट्या भागांच्या रूपाने विकली जाते आणि कोणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये जुळवली जाते. तिची ग्वाही कोणी द्यायची? हे उत्तर चुकले तर पैसे जातात, कधी गाडीची नोंदणीच धोक्यात येते, आणि एखादा जोड कच्चा निघाला तर जिवावर बेतते. काय तपासावे हे समजण्यासाठी या गाड्या जन्माला कशा आल्या, येथून सुरुवात करावी लागते.

(२)
१९२२ ते १९३९ या काळात ऑस्टिन सेव्हन ही छोटी, स्वस्त मोटार ब्रिटनमध्ये सुमारे २,९०,००० इतक्या संख्येने तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या गाड्यांचा तुटवडा होता. जुन्या ऑस्टिन मात्र कवडीमोलाने मिळत. हौशी तरुण त्यांचा सांगाडा उतरवून त्यावर स्वतःची बॉडी चढवू लागले. अशा गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणत. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने १९४८ साली आपली पहिली गाडी अशाच एका ऑस्टिन सेव्हनवर उभारली. पुढे त्याच्याच लोटस कंपनीने या हौसेचे व्यवसायात रूपांतर केले.

(३)
या व्यवसायाला खरे बळ दिले ते करपद्धतीने. १९४० साली युद्धकाळात लागू झालेला ‘पर्चेस टॅक्स’ युद्धानंतरही कायम राहिला. १९५५ ते १९५९ या वर्षांत मोटारींवर त्याचा दर ६० टक्के होता. हा कर तयार गाडीवर होता. ग्राहकाने स्वतः जुळवायच्या सुट्या भागांच्या संचाला तो लागू होत नसे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन याच फटीतून घरोघरी पोहोचली. संचासोबत जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून चॅपमनने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

(४)
१ एप्रिल १९७३ रोजी पर्चेस टॅक्स जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि संचांची ही सवलत संपली. लोटसने सेव्हनचे उत्पादन सोडले. हक्क कॅटरहॅम कार्सच्या ग्रॅहम नियर्नकडे गेले. कर गेला, पण हौस गेली नाही. पुढच्या दोन दशकांत ससेक्समधील डटनसारख्या उत्पादकांनी फोर्ड एस्कॉर्टच्या भागांवर चालणारे स्वस्त संच मोठ्या प्रमाणावर विकले. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे, अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचा मार्ग सांगणारे पुस्तक आले आणि संचसुद्धा न घेता लोखंडी नळ्या कापून, वेल्ड करून घरी चॅसिस तयार होऊ लागल्या. आज जुन्या बाजारात दिसणारी किट कार या अनेक पिढ्यांपैकी कोणत्याही एका पिढीची असू शकते. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाही. ही गाडी कोणत्या काळातली आणि कोणत्या पद्धतीने बांधलेली, हा आहे.

(५)
येथे एक संज्ञा ध्यानात घ्यावी : दाता मोटार. ज्या जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टिअरिंग वगैरे काढून किट कारमध्ये बसवतात ती दाता मोटार. ब्रिटनमध्ये फोर्ड एस्कॉर्ट लोकप्रिय दाता ठरली, कारण १९८० पर्यंत तिची मागची चाके इंजिनाच्या जोराने फिरत. सेव्हनच्या धर्तीवरील गाडीला हीच रचना सोयीची. एस्कॉर्ट पुढच्या चाकांच्या रचनेकडे वळल्यावर बांधणारे फोर्ड सिएराकडे वळले. अमेरिकेत हे स्थान फोक्सवॅगन बीटलला मिळाले. ब्रूस मेयर्सने १९६४ साली कॅलिफोर्नियात तयार केलेल्या ‘मेयर्स मँक्स’ या फायबरग्लासच्या बग्गीने तिला जगभर नकला मिळवून दिल्या. दाता कोणती हे कळले की सुटे भाग मिळतील का, आणि गंज कोठे शोधायचा, या दोन्ही प्रश्नांची निम्मी उत्तरे मिळतात.

(६)
इतिहासलेखनात कागदाची परीक्षा दोन टप्प्यांत होते. बहिरंग परीक्षणात कागद, शाई, अक्षर, शिक्का पाहतात. अंतरंग परीक्षणात मजकूर विश्वासार्ह आहे का हे पाहतात. जुन्या किट कारला हीच रीत लावावी. आधी नोंदणीची कागदपत्रे, मग प्रत्यक्ष गाडी, आणि शेवटी दोहोंचा मेळ.

(७)
ब्रिटनमधील नोंदणीपत्रात गाडीचा उत्पादक, प्रकार, रंग, इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक असतो. हा कागद मालकीचा पुरावा नव्हे. गाडी कोणाच्या ताब्यात नोंदली आहे, एवढेच तो सांगतो. म्हणून विकणाऱ्याकडे खरेदीची पावती मागावी, आणि गाडीवर कर्ज किंवा चोरीची नोंद नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासावे. त्यानंतर चॅसिसवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून कागदाशी ताडून पाहावा. क्रमांकाची पट्टी नुसत्या रिव्हेटने लावलेली असेल, तर ती दुसरीकडून आणून बसवणे कठीण नाही, हे विसरू नये.

(८)
खरा घोळ येथेच सापडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या अनेक गाड्या दाता मोटारीच्या जुन्याच नोंदणीवर चालत राहिल्या. समोर उघडी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार उभी असते आणि कागद म्हणतो : ‘फोर्ड एस्कॉर्ट, सलून’. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया पुढे आला होता. १७७६ साली त्याला मृत्युदंड होईपर्यंत त्याने पेशवाईला घोर लावला. तसाच हा प्रकार : नाव मृताचे, देह दुसऱ्याचा. फरक इतकाच की किट कारच्या बाबतीत अनेकदा फसवण्याचा हेतू नसतो, केवळ आळस असतो. पण परिणाम नव्या मालकालाच भोगावा लागतो. नोंदणी कार्यालयाच्या हे लक्षात आले, तर गाडीची पुन्हा तपासणी, नवा क्रमांक आणि नवा खर्च त्याच्या माथी येतो; अपघात झाल्यास विमा कंपनीही प्रश्न उपस्थित करू शकते.

(९)
ही ओळख ठरवण्यासाठी ब्रिटिश नोंदणी यंत्रणेने दीर्घकाळ गुणांची पद्धत वापरली. बदललेल्या गाडीत मूळ चॅसिसला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला १. जुना क्रमांक राखायचा तर किमान ८ गुण हवेत आणि त्यांत चॅसिस हवीच. गुणांची ही वाटणी विचार करण्याजोगी आहे. सामान्य माणसाला गाडीचा आत्मा इंजिनात दिसतो. सरकारने मात्र तो चॅसिसमध्ये पाहिला. ज्यांची ओळख किंवा वय निश्चित होत नाही, अशा गाड्यांसाठी १९८३ पासून ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक आले. बाजारात या क्रमांकाकडे थोडे हिणकस म्हणून पाहतात. प्रत्यक्षात तो प्रामाणिक असतो : या गाडीचे मूळ सांगता येत नाही, असे तो उघडपणे सांगतो. खोट्या वंशावळीपेक्षा अनामिक असणे बरे.

(१०)
यापुढची महत्त्वाची सीमारेषा १९९८ ची. त्या वर्षी हौशी बांधकामाच्या गाड्यांना ‘सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ म्हणजे एसव्हीए ही एका गाडीची स्वतंत्र तपासणी लागू झाली. २००९ साली तिची जागा आयव्हीए या अधिक कडक परीक्षेने घेतली. त्याआधी नेहमीची एमओटी चाचणी उत्तीर्ण झाली की पुरे असे. एमओटी चाचणी ब्रेक चालतात का हे पाहते. मुळात गाडीची रचना योग्य आहे का, हे पाहणे तिचे काम नाही. म्हणून १९९८ पूर्वीची गाडी घेताना बांधणाऱ्याच्या कौशल्यावर अधिक प्रश्न विचारावेत, नंतरची घेताना तपासणीचे प्रमाणपत्र मागावे. मात्र प्रमाणपत्र हे एका दिवसाचे साक्षीदार असते. धारदार कडा झाकण्यासाठी लावलेले रबर किंवा परीक्षेपुरते बसवलेले स्टिअरिंग चाक दुसऱ्या दिवशी काढून टाकणारे मालक कमी नाहीत.

(११)
कागदांतला सर्वांत बोलका कागद सरकारी नसतो. तो म्हणजे बांधणीची फाइल : भागांच्या पावत्या, संचाची पुस्तिका, आणि नुसत्या चॅसिसपासून पूर्ण गाडीपर्यंतची छायाचित्रे. बॉडी चढल्यावर जे कायमचे झाकले जाते, ते या छायाचित्रांत दिसते. फाइल नीट ठेवणाऱ्या माणसाने नट-बोल्टही नीट आवळले असण्याचा संभव अधिक. फाइल नसणे हा गुन्हा नाही. पण किंमत त्या हिशेबाने खाली यायला हवी.

(१२)
आता अंतरंग. सुरुवात रंगापासून नव्हे, गाडीखालून करावी. गाडी उचलून, टॉर्च घेऊन चॅसिसची नळी न् नळी पाहावी. चौकोनी नळ्या आतून गंजतात. वरचे पावडर कोटिंग एका जागी उडाले की पाणी त्याखाली शिरते, आणि गुळगुळीत दिसणाऱ्या थराखाली लोखंड पोखरले जाते. सस्पेन्शनचे कान जेथे वेल्ड केलेले असतात, तेथे केसासारखी बारीक भेग शोधावी. वेल्डची रेघ सलग आणि दोन्ही धातूंत मुरलेली असावी; मेणबत्तीच्या ओघळासारखी वर बसलेली असेल तर तेथेच थांबावे. बीटलवरच्या बग्गीत तळाचा पत्रा अनेकदा मध्ये कापून आखूड केलेला असतो. तो सांधा गाडीचा कणा आहे असे समजूनच तपासावा.

(१३)
फायबरग्लास गंजत नाही, ही त्याची थोरवी आणि हाच त्याचा धोका. बॉडी चकचकीत राहते आणि आतला सांगाडा मरतो. बॉडी जेथे बोल्टने बसवली आहे तेथे, आणि दाराच्या बिजागरीजवळ, ताऱ्याच्या आकाराच्या भेगा दिसल्या तर तो भाग ताणाखाली आहे असे समजावे. सीटबेल्टचे टोक फायबरग्लासला नव्हे, चॅसिसलाच बांधलेले असले पाहिजे; येथे तडजोड नाही. फायबरग्लासमधून वीजही वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याची अर्थिंग बॉडीतूनच होते. येथे प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार लागते. हौशी वायरिंगचे निम्मे रोग याच एका कारणातून येतात. एक दिवा लावला की दुसरा मंदावत असेल, तर अर्थिंग तपासावी.

(१४)
त्यानंतर ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाच्या नळ्या. दाता मोटारीचे ब्रेक वेगळ्या वजनासाठी घडवलेले असतात. हलक्या गाडीत पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो आणि मागची चाके आधी लॉक होऊ शकतात. स्टिअरिंगच्या दांड्यातील सांधे घट्ट आहेत का, प्रत्येक बोल्टचे आटे नटच्या बाहेर आलेले आहेत का, नळ्या कोठे घासत नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहावे. मग रिकाम्या, सपाट रस्त्यावर चाचणी घ्यावी : गाडी सरळ चालते का, आणि ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का. उन्हाळ्यातील वाहतुकीत पाणी उकळते का, हे पाहण्यासाठी इंजिन उभ्या जागी पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवावे.

(१५)
सेव्हनचा हा वंश महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अलिबागच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीची, फायबरग्लास बॉडीची रोडस्टर तयार केली, तिचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन अँबॅसडरच्या परिचयाचे. परंतु घरी जुळवलेल्या गाडीला भारतात ब्रिटनसारखा मोकळा मार्ग नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीत नमूद झालेल्या मूळ रचनेत मनमानी बदलाला आळा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका ठामपणे मांडली. त्यामुळे येथे अशी गाडी घेणाऱ्याने नोंदणी पुस्तकातील वर्णन आणि समोरची गाडी यांचा मेळ अधिकच काटेकोरपणे पाहावा.

(१६)
किट कारचा इतिहास हा करातून सुटण्याच्या युक्तीपासून सुरू झाला आणि ओळख सिद्ध करण्याच्या खटाटोपापर्यंत आला. या सत्तर-ऐंशी वर्षांच्या प्रत्येक टप्प्याने तपासणीच्या यादीत एकेक प्रश्न वाढवला आहे. स्पेशलच्या काळाने विचारले, खाली कोणाची चॅसिस? कराच्या काळाने विचारले, जुळणी कोणी केली? एस्कॉर्टच्या काळाने विचारले, कागद कोणाचा? आणि १९९८ नंतरच्या काळाने विचारले, तपासणी कोणी केली? चारही उत्तरे मिळाली, तर गाडी जुनी असो, रंग उडालेला असो, व्यवहार करण्यास हरकत नाही. एकही उत्तर न देता विक्रेता केवळ इंजिनाची ताकद सांगत राहिला, तर नमस्कार करून परत यावे.