निक हूक आणि माझी दोन बोटं

आजची गोष्ट एका कादंबरीची, आणि ती वाचून मी कसा गंडलो त्याची.

बर्नार्ड कॉर्नवेल या ब्रिटिश लेखकाची 'अझिनकोर्ट'. नायक निक हूक, साधा इंग्रज तिरंदाज. साल १४१५. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री फ्रान्सवर चालून जातो, हारफ्लर बंदराला वेढा घालतो. हगवणीनं सैन्य पोखरलं जातं. तरी २५ ऑक्टोबरला अझिनकोर्टच्या चिखलात हेच थकलेलं सैन्य आपल्याहून मोठ्या फ्रेंच फौजेला हरवतं. दोन रात्रीत पुस्तक संपवलं मी!

आणि लगेच मित्रांसमोर ज्ञान पाजळलं. म्हटलं, इंग्लंडमध्ये दोन बोटं उलटी दाखवणं ही शिवी का आहे माहितीये? फ्रेंच लोक पकडलेल्या तिरंदाजांची बोटं छाटायचे, म्हणून इंग्रज 'बघा, आमची शाबूत आहेत' असं दाखवायचे. सगळे एकदम खूश. एकीनं विचारलं, "पुरावा काय?" मी गप्प.

मग शोधायला बसलो. फ्रेंच तुमची बोटं छाटणार आहेत, असं हेन्रीनं लढाईआधी तिरंदाजांना सांगितल्याची नोंद त्या काळच्या बखरीत आहे. पण त्यावरून ती खूण आली, याला त्या काळातला काहीच आधार नाही. म्हणजे मी एक छान दंतकथा इतिहास म्हणून खपवली होती.

पण कादंबरीतलं बाकीचं? ते बरंचसं पक्कं निघालं. 'मेरी रोझ' हे इंग्रज जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात १३७ अख्खी धनुष्यं सापडली. बहुतेक ओढायला साधारण ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असावा, असा अंदाज आहे. जिममध्ये एवढं वजन एकदा ओढून बघा, आणि मग तेच मिनिटामागून मिनिट करायचं! त्यासाठी लहानपणापासून सराव लागायचा. म्हणूनच तिसऱ्या एडवर्डनं १३६३ मध्ये हुकूम काढला, की सुट्टीच्या दिवशी फुटबॉलबिटबॉल बंद, धनुष्य उचला. १४१५ च्या मोहिमेत तिरंदाजाचा रोज होता सहा पेन्स.

आणखी एक गोष्ट. हेन्रीच्या सैन्याचे हजेरीपट आजही जपून ठेवलेले आहेत. कॉर्नवेलनं आपल्या तिरंदाजांची नावं तिथूनच उचलली. म्हणजे निकचे पराक्रम कल्पनेतले, पण त्या नावाचा कुणीतरी माणूस खरंच पगारावर होता.

इथपर्यंत मला मजाच वाटत होती. मग एका नोंदीशी अडकलो. लढाई जवळजवळ जिंकल्यावर, मागून पुन्हा हल्ला होतोय या भीतीनं हेन्रीनं कैद्यांना ठार मारायचा हुकूम दिला. ज्यांनी कैदी पकडले होते ते तयार होईनात, कारण कैदी म्हणजे खंडणीचा पैसा. तेव्हा राजानं हे काम एका सरदाराला आणि २०० तिरंदाजांना दिलं. लढाईला हजर असलेल्या ल फेव्र आणि वाव्रँ या दोघा बखरकारांनी हे लिहून ठेवलंय.

तिरंदाजांना. म्हणजे आपल्याच हिरोंना! ज्यांच्या प्रत्येक बाणाला मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या, त्यांच्या हाती निःशस्त्र माणसं दिली गेली. हजेरीपटावरची कुठली नावं त्या दोनशेंमध्ये होती, कुणालाच सांगता येणार नाही.

मी कादंबरी टाकून दिली का? अजिबात नाही. तिच्यामुळेच तर मी हजेरीपटापर्यंत पोचलो. नुसता '१४१५' हा आकडा वाचून मला कुणाच्या खांद्याची कळ जाणवली नसती. फक्त आता कादंबरीतलं काही सांगायच्या आधी मी स्वतःलाच त्या मैत्रिणीचा प्रश्न विचारतो.

तुम्ही कादंबरीतून उचललेली अशी कुठली 'ऐतिहासिक' गोष्ट आहे, जी कधी तपासलीच नाही? शोधून बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!