शीतकपाटाचा वीजखर्च

जुनी यंत्रे वीज खातात आणि नवी वाचवतात, असे आपण सहज बोलून जातो. अमेरिकेतील फ्रिजचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकने आणलेल्या 'मॉनिटर टॉप' फ्रिजचे यंत्र कपाटाच्या माथ्यावर होते. त्याची ऊब वरच्या वर निघून जाई. १९४७ च्या सुमारास तेथील सामान्य फ्रिजला वर्षाकाठी ४०० युनिटेही लागत नसत. तो आकाराने लहान होता, हे मान्य. पुढे वीज स्वस्त झाली. कपाटे मोठी झाली, उष्णता अडवणारे अस्तर पातळ झाले, आणि साचलेला बर्फ वितळवण्यासाठी थंड पेटीतच विजेचे तापक बसले! गारव्यासाठी आणि उबेसाठी एकाच वेळी वीज मोजावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते. १९७४ पर्यंत आकार दुपटीहून थोडा अधिक वाढला, वीज मात्र १८०० युनिटांच्या घरात गेली. मग कॅलिफोर्नियाने कायद्याने मर्यादा घातल्या. आर्थर रोझेनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. २००१ च्या राष्ट्रीय निकषांनी हा खर्च सुमारे ५०० युनिटांवर आणला. कपाट काही लहान झाले नाही. आपल्याकडे ताऱ्यांची पट्टी २००६ साली ऐच्छिक म्हणून आली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ती २०१० पासून सक्तीची झाली.