दूध कशानं फाडलं?



आपल्या स्वाध्यायाच्या गटात मागच्या महिन्यात एक वाद रंगला. हल्ली बऱ्याच घरांत इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आलाय आणि मुली-सुना त्यात घरीच मऊ चीज करायला लागल्यात. एक काकू म्हणाल्या, "चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं, मग हे तरी कसं चालेल?" दुसऱ्या म्हणाल्या, "पनीर मुळात आपलं नव्हेच, ते मुसलमानी अमदानीतलं." एका आजींनी तर त्या दिवसापासून घरचं पनीरही बंद केलं. नियम ज्याचा त्यानं पाळावा, त्याबद्दल मी काय बोलणार? पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दोन्हींची उत्तरं इतिहासात सापडतात.

आधी "आपलं नव्हे"चं बघू. मराठीत दूध फुटलं की ते "नासलं" म्हणतात, म्हणजे वायाच गेलं. के. टी. अचया या अन्नाच्या अभ्यासकांनी लिहिलंय की दूध मुद्दाम फाडणं आपल्याकडे निषिद्ध मानत, आणि बंगालमधल्या छेन्याला पोर्तुगिजांमुळे चालना मिळाली. बंगालपुरतं ते खरं असेलही. पण वैदिक यज्ञविधीत आमिक्षा नावाचा पदार्थ आहे. तापलेल्या दुधात आंबट दही घालून ते फाडायचं. घट्ट भाग ती आमिक्षा आणि उरलेलं पाणी ते वाजिन. पाण्यालासुद्धा वेगळं नाव आहे, म्हणजे ती चुकून झालेली गोष्ट नव्हे.

त्याहून जवळचा पुरावा मानसोल्लासाचा. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ, साल ११२९च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूरच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यात. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो फार प्रिय. त्यात क्षीरप्रकार नावाची मिठाई दिलीय. तापलेल्या दुधात आंबट घालून ते फाडायचं, फडक्यातून गाळायचं, चोथ्यात तांदळाचं पीठ मिसळून तळायचं आणि साखरेत घोळायचं. पोर्तुगीज भारतात आले १४९८मध्ये. त्याच्या साडेतीनशेहून जास्त वर्षं आधी आपल्या शेजारच्या राजाच्या मुदपाकखान्यात हे चाललं होतं. तेव्हा "पनीर" हा शब्द फारसी आहे हे कबूल, पण आंबट घालून दूध फाडायची रीत परकी नाही.

आता काकूंचा प्रश्न. तो जास्त महत्त्वाचा.

दूध फाडायचे दोन मार्ग. एक आंबटाचा. दुसरा रेनेटचा. दूध पिणाऱ्या वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या चौथ्या जठरात एक पाचक द्रव्य असतं, त्याला कायमोसिन म्हणतात. आईचं दूध पोटात थांबावं, पचावं म्हणून निसर्गानं ते दिलेलं. ते जठर मिळवायचं तर ते पिल्लू मारावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. युरोपातलं चीज शतकानुशतकं बहुतेक याच्यावरच झालं. १८७४मध्ये कोपनहेगनला ख्रिश्चन हॅन्सन यांनी ठराविक ताकदीचं रेनेट कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली. आणि हे फक्त तिकडचं समजू नका. सुरती पनीर, म्हणजे पारशी घरांतलं टोपलीतलं पनीर, हेही परंपरेनं रेनेट लावूनच होत असे. म्हणजे नुसत्या "पनीर" या नावावर विसंबून चालत नाही. काकूंची शंका अगदीच निराधार नव्हती, ती फक्त लिंबाच्या पनीराला लागू नाही.

जुन्या ग्रीक आणि रोमन लोकांना अंजिराचा चीकही माहीत होता, त्यानंही दूध थिजतं. पण अंजीर वड-पिंपळ-उंबराच्याच कुळातलं. अष्टमूलगुणांत पंच उदुंबर सोडणाऱ्या आपल्या घरांना त्याचा काय उपयोग!

१९६०च्या दशकात वासरांचं रेनेट कमी पडू लागलं तेव्हा बुरशीपासून काढलेलं द्रव्य वापरात आलं. मग मार्च १९९०मध्ये अमेरिकेत आणखी एक परवानगी मिळाली. वासराच्या कायमोसिनचा जनुक सूक्ष्म जीवात घालून तेच द्रव्य टाकीत तयार करायचं. यात वासरू मरत नाही, म्हणून ते शाकाहारी म्हणून विकलं जातं. माझं विचाराल तर मी तेही घेत नाही. कोणी घेत असेल तर तिच्याशी भांडतही नाही. आपल्याकडे हिरवा ठिपका बघता येतो. परदेशी शिकणाऱ्या मुलींना मात्र आवर्जून सांगा की डब्यावर नुसतं "एन्झाइम्स" लिहिलं असेल तर ते कुठलं हे कळत नाही. आणि इटलीचं पार्मिजानो रेज्जानो नियमानंच वासराच्या रेनेटचं असतं.

राहिला कुकर. दनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९मध्ये वाफेचं बंद भांडं दाखवलं. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोघंही १९५९पासूनचे. विजेवर चालणाऱ्या कुकरचं पेटंट चीनमध्ये १९९१ला झालं. गंमत अशी की चीज करताना या प्रेशर कुकरातलं प्रेशर लागतच नाही! लागतं ते दह्याचं बटण. ते "बॉइल"वर ठेवलं की दूध सुमारे ८२-८३ अंशांपर्यंत तापतं, उतू जात नाही.

एक लिटर म्हशीचं दूध घ्या. मध्ये एकदा तळापासून ढवळा. तापल्याची शिट्टी वाजली की कुकर बंद करून दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. बिया आधी गाळून घ्या, नाहीतर कडवटपणा उतरतो. आमच्याकडे आंबवलेलं म्हणून व्हिनेगर नाही. हिरवट, नितळ पाणी सुटलं की रस घालणं थांबवा, दहा मिनिटं हात लावू नका, मग ओल्या मलमलीत गाळा. पंधरा मिनिटांत मऊ चीज तयार, वजन ठेवलं तर पनीर. तापलेल्या दुधात आंबट पडलं की निवळीतली प्रथिनंही चोथ्याला चिकटतात, रेनेटमध्ये ती पाण्याबरोबर जातात. म्हणून आपल्या पद्धतीनं चोथा भरपूर पडतो. तो वितळत मात्र नाही, पिझ्झ्यावर तार सुटणार नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

उरलेल्या पाण्यात मी त्याच दिवशी पोळ्यांची कणीक भिजवते. चीजही त्याच दिवशी संपवते. चौक्यात ते चालेल का, हे मात्र आपापल्या माताजींना विचारा, तो अधिकार माझा नाही.