मेणबत्ती आणि केबलचा ट्रे

कोणत्याही मोठ्या कारखान्यात मान वर केली की छताखालून आडव्या शिड्यांसारखे लोखंडी ट्रे गेलेले दिसतात. त्यांत मोटारींना वीज पुरवणाऱ्या जाड पॉवर केबल्स असतात, बटणांचे आणि रिलेंचे हुकूम नेणाऱ्या कंट्रोल केबल्स असतात आणि तापमान-दाबाचे क्षीण संकेत नेणाऱ्या, पीळ दिलेल्या जोड्यांच्या इन्स्ट्रुमेंट केबल्सही असतात. आपल्याकडे त्यांवर बहुधा पोलादी चिलखत असते. अमेरिकेत जिला ‘ट्रे केबल’ म्हणतात ती बहुतेक वेळा बिनचिलखती. तिला ट्रेचाच आधार. तारा नळीतून ओढत बसण्यापेक्षा हे काम झटपट होते. नवी केबल आली की जुन्यांच्या अंगावर टाकायची, झाले! माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशा ट्रेंखालून ये-जा करण्यात गेली, पण केबलचे कवच हेही एक जळणच आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

ते जगाच्या ध्यानात आले २२ मार्च १९७५ रोजी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात. ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या दोन अणुभट्ट्या चालू होत्या, तिसरीचे बांधकाम सुरू होते. नियंत्रण कक्षाखालच्या खोलीतून केबल्सचे ट्रे भिंत ओलांडून अणुभट्टीच्या इमारतीत जात. त्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे, म्हणून भिंतीतली भोके फोमने बुजवावी लागत. गळती उरली का हे पाहायला कामगार तिथे पेटती मेणबत्ती धरत. ज्योत आत ओढली गेली तर भोक राहिले म्हणायचे. अब्जावधींच्या यंत्रणेची तपासणी मेणबत्तीने! त्या दुपारी ज्योत ओढली गेली आणि पॉलियुरेथेनचा फोमच पेटला. हवेच्या त्याच ओढीने आग भिंतीपलीकडे गेली आणि तिथले ट्रे जळू लागले.

विजेच्या केबल्सवर पाणी कसे मारायचे, या धास्तीने कार्बन डायऑक्साइड आणि कोरड्या पावडरीवर तासन्‌तास वेळ गेला. जवळच्या गावातून आलेले अग्निशमन प्रमुख पाणीच मारा म्हणून सांगत होते. संध्याकाळी ते मारले गेले आणि सात तासांची आग थोड्याच वेळात विझली. तोवर १६००हून अधिक केबल्सचे नुकसान झाले होते. पहिल्या अणुभट्टीची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा निकामी झाली होती. हाताशी उरलेल्या इतर पंपांनी पाणी पुरवून कर्मचाऱ्यांनी गाभा झाकलेला ठेवला. मला सर्वांत बोचते ते वेगळेच. एक यंत्रणा बिघडली तर दुसरी असावी म्हणून सगळे दुहेरी केलेले होते, पण दोन्हींच्या केबल्स एकाच आगीच्या टप्प्यात होत्या. कागदावर दोन वाटा, प्रत्यक्षात एकच.

केबल पेटते कशी, याची कसोटी १९७४ मध्येच ठरली होती: उभ्या ट्रेत केबल्स बांधायच्या, खाली २० मिनिटे बर्नर धरायचा आणि ज्वाळा टोकापर्यंत चढतात का ते पाहायचे. दुर्घटनेनंतर अमेरिकेने मार्गांचेही नियम केले. पर्यायी यंत्रणांच्या केबल्समध्ये तीन तास टिकणारी भिंत हवी. किंवा धूरसूचक व आपोआप पाणी मारणारी सोय ठेवून एक तासाची भिंत वा २० फुटांचे जळणरहित अंतर हवे.

नियम आपल्यापर्यंत पोचले, पण सवयी बदलायला वेळ लागला. ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबल्सच्या वाटेने पसरली. केंद्राचा वीजपुरवठा सुमारे १७ तास पूर्ण बंद पडला. कर्मचारी बॅटऱ्या घेऊन अंधारात अणुभट्टीवर चढले आणि बोरॉनचे द्रावण आत सोडण्यासाठी त्यांनी झडपा हातांनी उघडल्या.