बायवायरिंग

बायवायरिंग : घरगुती स्टिरिओ संचातील अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत एकाऐवजी दोन स्वतंत्र केबल नेण्याची पद्धत. एक केबल खर्ज वाजवणाऱ्या वूफरकडे जाते, दुसरी वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरकडे. स्पीकरच्या पाठीवर टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तरच अशी जोडणी करता येते. कारखान्यातून स्पीकर येतो तेव्हा या जोड्या धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि पट्ट्या तशाच ठेवल्या तर तो एका केबलवर उत्तम चालतो. बायवायरिंगसाठी पट्ट्या काढून टाकतात. अ‍ॅम्प्लिफायर मात्र एकच राहतो. दोन्ही केबल त्याच्या त्याच टर्मिनलपासून निघतात, आणि या पद्धतीच्या लाभ-हानीचा सगळा हिशेब याच एका गोष्टीवर ठरतो.

स्पीकरच्या पेटीत क्रॉसओव्हर नावाचे मंडल असते. तारेचे वेटोळे उच्च कंप्रता अडवून खर्ज वूफरला देते, कपॅसिटर खर्ज अडवून उरलेले ट्वीटरला देतो. दोन स्पीकरांच्या पेटीत ही वाटणी बहुधा 2,000 ते 3,000 हर्ट्झच्या दरम्यान होते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा असतो. म्हणजे गळ्याचे मूळ स्वर, डग्ग्याची घुमक आणि पखवाजाची थाप हे सारे वूफरचे काम. तानपुऱ्याच्या जवारीतील वरचे सूक्ष्म स्वर आणि टाळांची किणकिण ट्वीटरकडे जाते. पट्ट्या काढल्या की क्रॉसओव्हरचे हे दोन भाग पेटीत एकमेकांपासून सुटे होतात आणि थेट अ‍ॅम्प्लिफायरपाशी भेटतात.

पुरस्कर्त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे आहे. एकाच तारेतून खर्ज आणि वरचे स्वर गेले की ते एकमेकांत गुंततात, हा पहिला दावा. तो टिकत नाही. तांब्याची तार रेषीय वाहक आहे. तिच्यातून कितीही कंप्रता एकाच वेळी गेल्या तरी त्या एकमेकींना बिघडवत नाहीत. दुसरा दावा विचार करण्याजोगा आहे. वूफर जो मोठा प्रवाह ओढतो त्यामुळे केबलमध्ये थोडे व्होल्टेज खर्ची पडते, आणि केबल सामाईक असेल तर ती घट ट्वीटरपर्यंतही पोचते. वूफरच्या हालचालीतून उपजणारी विकृतीही त्याच वाटेने जाते. केबल वेगळ्या केल्या की हे थांबते, हे तत्त्वतः खरे आहे. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा.

प्रमाण काढणे अवघड नाही. 2.5 चौ. मिमी. जाडीच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे सुमारे 8 ओहम असतो. इलेक्ट्रिकल दुकानात ‘अडीचची वायर’ म्हणून घराच्या फिटिंगसाठी मिळते तीच ही. अ‍ॅम्प्लिफायर ते स्पीकर अंतर 3 मीटर धरले तर जाण्यायेण्याची तार 6 मीटर, आणि तिचा रोध 0.048 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरपुढे हे अवघे 0.6 टक्का झाले. आवाजातली घट सुमारे 0.05 डेसिबल. वूफरच्या प्रवाहात 1 टक्का विकृती धरली तर तिचा ट्वीटरपर्यंत पोचणारा अंश मूळ संगीताच्या 84 डेसिबल खाली राहतो. खोलीत 85 डेसिबलने गाणे चालू असेल तर ही भेसळ ऐकण्याच्या उंबरठ्यावर येते, आणि छतावरचा पंखा तिच्याहून कितीतरी मोठा आवाज करतो.

यात अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध अजून धरलेला नाही. ज्याचा डॅम्पिंग फॅक्टर 100 आहे त्याचा हा रोध 8 ओहमच्या हिशेबाने 0.08 ओहम भरतो. तो वर काढलेल्या केबलहून जास्त आहे, आणि केबल दोन केल्या तरी तो दोघींत सामाईकच राहतो. जी घट दूर करण्यासाठी एवढा खटाटोप करायचा तिचा मोठा वाटा बायवायरिंग जागचा हलवतच नाही.

याहून निर्णायक मुद्दा तांब्याचा आहे. दोन केबल विकत घेतल्याच असतील तर पट्ट्या न काढता त्या समांतर जोडाव्यात. मग खर्ज आणि वरचे स्वर दोघांनाही दोन्ही केबलींचे तांबे मिळते आणि रोध निम्मा होतो. बायवायरिंगमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एकच केबल येते. तेवढ्याच खर्चात समांतर जोडणी किंवा एकच जाड केबल हा साधा उपाय वूफरसाठी सरस ठरतो.

केबलची जाडी जिथे खरोखर कळते ती ठिकाणे निराळी. 8 ओहमचा स्पीकर 50 मीटरवर ठेवून 1 चौ. मिमी. तार वापरली तर तारेचा रोध 2 ओहमच्या जवळ जातो आणि आवाज सुमारे 1.9 डेसिबलने पडतो. हरिनाम सप्ताहाच्या मांडवापासून वेशीपर्यंत भोंगे लावायचे असतात तेव्हा म्हणूनच 100 व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात. व्होल्टेज वाढवले की प्रवाह कमी होतो, आणि लांबलचक बारीक तारही पुरते. बैठकीच्या खोलीतील 3 मीटरच्या तारेला यातले काहीच लागू पडत नाही.

स्पीकरच्या स्वतःच्या रोधात ऋतुमानाने होणारा बदलही लक्षात घेण्याजोगा आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा येथे एखाद्या घरात स्पीकर मांडलेला असेल, तर हिवाळ्यातील 15 अंशांची पहाट आणि मे महिन्यातील 42 अंशांची दुपार यांच्यात त्याच्या व्हॉइस कॉइलचा 6 ओहमचा रोध 0.6 ओहमहून अधिक वाढतो. 3 मीटर केबलच्या एकूण रोधाच्या हा बारापटीहून जास्त आहे. शिवाय मोठ्याने वाजवताना कॉइल आतून तापते ते वेगळेच. वऱ्हाडातील उन्हाळा स्पीकरच्या विद्युत गुणांवर जेवढा परिणाम करतो, त्यापुढे बायवायरिंगने साधणारा फरक नगण्य आहे.

खोलीचा वाटा तर सर्वांत मोठा. 12 फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद 47 हर्ट्झच्या आसपास येतो, 10 फूट रुंदीमुळे दुसरा 56 हर्ट्झजवळ. अशा ठिकाणी खर्जाची पातळी जागेनुसार 10 डेसिबल किंवा अधिकही वरखाली होते. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब आणि खाली उघडी फरशी असेल तर वरचे स्वर खणखणत राहतात. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढणे, ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर आणणे, फरशीवर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीशी गाद्या किंवा पुस्तकांचे कपाट ठेवणे, यांनी पडणारा फरक कोणालाही पहिल्याच बंदिशीत कळतो. त्याला खर्चही फारसा लागत नाही.

ही पद्धत हौशी श्रोत्यांत रुजली ती 1980 च्या दशकात, प्रामुख्याने ब्रिटिश आणि काही अमेरिकी उत्पादकांमुळे. बॉवर्स अँड विल्किन्स, मॉनिटर ऑडिओ, व्हार्फडेल यांच्या अनेक मॉडेलांवर दुहेरी टर्मिनल आढळतात. अमेरिकेतील व्हँडरस्टीन ही कंपनी तर पद्धतीची ठाम पुरस्कर्ती आहे. उलट डेन्मार्कची डायनॉडिओ एकाच जोडीवर भागवते, आणि केईएफचा नावाजलेला एलएस50 हा स्पीकरही एकाच जोडीचा आहे. उत्कृष्ट स्पीकर दोन्ही गटांत आहेत. दुहेरी टर्मिनल हा दर्जाचा पुरावा मानता येत नाही.

तरीही फरक स्पष्ट ऐकू आल्याचे अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात, आणि त्याची कारणे शोधता येतात. केबल बदलताना जुनी गंजलेली टोके कापली जातात, सैल स्क्रू घट्ट होतात, बारीक तार जाऊन जाड येते. मळलेल्या पट्ट्या निघतात, हाही खरा लाभ; त्यासाठी पट्ट्यांऐवजी त्याच तारेचे दोन छोटे तुकडे बसवले तरी भागते. आवाजाची पातळी किंचित वाढली तर कान तिला ‘अधिक मोकळा आवाज’ समजतात. खात्री करायची असेल तर दोन्ही जोडण्यांची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळवून, कोणती चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता, दुसऱ्या माणसाने अदलाबदल करावी लागते.

घरात दुहेरी टर्मिनलचे स्पीकर आणि पुरेशी तार आधीच असेल, तर बायवायरिंगने अपाय होत नाही. मात्र जोडणी अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवूनच करावी. लाल आणि काळ्या टर्मिनलांची अदलाबदल फक्त एका जोडीत झाली तर वूफर आणि ट्वीटर विरुद्ध कलेत चालतात आणि क्रॉसओव्हरच्या आसपासचे स्वर, नेमके आवाजातील स्पष्टोच्चाराचे, बिघडतात. पट्ट्या काढून एकच केबल लावली तर अर्धा स्पीकर मुका राहतो. काही अ‍ॅम्प्लिफायरांवर ‘ए’ आणि ‘बी’ अशा टर्मिनलच्या दोन जोड्या असतात. त्या बहुधा समांतर असतात, पण काही जुन्या यंत्रांत ‘ए + बी’ निवडल्यावर एकसर होतात. अशा यंत्रावर दोन्ही केबल ‘ए’लाच जोडाव्यात.

बायवायरिंगशी मिळतीजुळती, पण खूपच वेगळी पद्धत म्हणजे बायअँपिंग. तीत वूफर आणि ट्वीटरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर देतात. तेथे पट्ट्या काढणे सक्तीचे असते. त्या राहिल्या तर दोन अ‍ॅम्प्लिफायरांची टोके एकमेकांना भिडून यंत्र जळू शकते. पेटीतला क्रॉसओव्हर तसाच ठेवला तर याचाही लाभ माफकच. खरा बदल घडतो तो क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी आणल्यावर. सिग्फ्रिड लिंक्विट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखला जाणारा, 1976 मध्ये प्रसिद्ध झालेला आराखडा या कामात सर्वत्र वापरला जातो. महाराष्ट्रात गावोगावच्या वरातीत आणि मिरवणुकीत दिसणारे डीजेचे सेट याच तत्त्वावर चालतात : रॅकमधला इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर आधीच बेस आणि टॉप वेगळे करतो, आणि प्रत्येकाला आपला अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतील अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरमध्ये हीच सगळी रचना पेटीच्या आत असते, आणि तेथे स्पीकर केबल हा भाग उरतच नाही.