फळझाडांचा आडोसा: गिरगावच्या वाड्यांचा विसरलेला इतिहास

१/ फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. गिरगावात ही नावे आजही पत्त्यांत आहेत. फणस, केळी आणि आंबे मात्र शोधावे लागतात. ‘वाडी’ म्हणजे चाळींची गल्ली हा अर्थ नंतरचा. मूळ अर्थ कुंपणातली बाग आणि त्या बागेत दडलेले घर. हा थ्रेड त्या दडलेल्या घराविषयी.

२/ पोर्तुगीज भाषेत बागेला ‘ओर्ता’ म्हणत. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि हाच शब्द ‘ओर्ट’ या रूपात तिच्या कागदपत्रांत रुळला. ओर्ट म्हणजे प्रामुख्याने माडांची वाडी. गिरगावपासून माहीमपर्यंत अशा वाड्या पसरलेल्या होत्या.

३/ येथील फळझाडांचा उल्लेख त्याहून जुना आहे. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात मुंबईतील आपल्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो नोंदवतो.

४/ झाडांमुळे आडोसा कसा होई? माडाचे खोड उघडे, झावळ्या उंचावर. एकट्या माडाने नजर अडत नाही. ते काम खालच्या थरातील केळी करतात. न्हाणीचे पाणी केळींच्या आळ्यात सोडण्याची कोकणी रीत याच कामी येते: पाणी वाया जात नाही, बुंध्याशी नवी पिल्ले फुटत राहतात आणि न्हाणीभोवती हिरवी भिंत उभी राहते. फणस आणि आंबा बारमाही हिरवे, म्हणून बाजू झाकायला उत्तम.

५/ तरीही वाडी आडोशासाठी लावली जात नसे. ती उत्पन्नासाठी असे. नारळ, फळे आणि भंडारी समाज काढत असलेली माडी यांवर संसार चालत, सरकारला करही मिळे. घराचा खासगीपणा हा त्या उत्पन्नाचा आनुषंगिक लाभ होता. म्हणूनच उत्पन्नाचे गणित बदलताच तो टिकला नाही.

६/ सत्तेला मात्र हाच आडोसा खुपत असे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर कंपनी धास्तावली. तोफांसमोर मोकळे मैदान हवे, म्हणून कोटाभोवतीचे माड तोडले गेले. १८०३ च्या भीषण आगीनंतर हे मैदान आणखी वाढले आणि कोटाबाहेरची वस्ती वाढू लागली.

७/ १८५३ मध्ये रेल्वे, १८५४ मध्ये ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन यादवीमुळे कापसाची तेजी. माणसांचे लोंढे आले. फळांपेक्षा खोल्यांचे भाडे अधिक मिळू लागले. झाडे गेली, चाळी आल्या. नावे तेवढी राहिली.

८/ चाळीत एक खोली, सामाईक गॅलरी, सामाईक नळ. केळींच्या भिंतीची जागा दारावरच्या पडद्याने आणि दोरीवर टाकलेल्या लुगड्याने घेतली. याची झळ सर्वाधिक स्त्रियांना बसली: अंघोळ, बाळंतपण, आजारपण, सारे चार हातांच्या अंतरावर शेजार असताना.

९/ १८९६ मध्ये प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला असाधारण अधिकार दिले आणि तपासणी पथके थेट घरात शिरू लागली. त्या संतापामागे आजाराची भीती होती, तशीच उंबरठा मोडल्याची वेदनाही होती.

१०/ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत रुंद रस्ते, इमारतींमध्ये अंतर आणि रस्त्याकडेला झाडे आली. उजेड व वारा परतला. पण ही झाडे सावलीची आणि सार्वजनिक होती. फळ आणि आडोसा एकाच झाडाने देण्याचे दिवस संपले होते.

११/ मुंबईत घराचा खासगीपणा जमिनीच्या भावाशी बांधलेला आहे, हे या वाड्या सांगतात. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकाला केळेवाडीत जाल, तेव्हा त्या नावाकडे क्षणभर पाहावे. कधीकाळी तेथे कोणाच्या तरी परसाला केळींचे कुंपण होते. (समाप्त)