कागदी फियाट

पन्नाशीत माणसाला अध्यात्माचा तरी नाद लागतो, नाहीतर गुडघेदुखीचा. मला डिंकाचा लागला. नामांकित मोटारींच्या कागदी प्रतिकृती मी करतो, चोवीसास एक या प्रमाणात. म्हणजे खरी गाडी चोवीस इंच रुंद जागा अडवते तिथं माझी एक इंच. घरातल्या मंडळींना तोही जास्त वाटतो.

पहिला हात अँबॅसेडरवर टाकला आणि फसलो. कागदाचा स्वभाव असा, की तो एका वेळी एकाच दिशेने वाकतो. नळकांडं होईल, शंकू होईल. पण वाटी हो म्हटलं की सुरकुततो. आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली ही बाई, २०१४ साली कारखान्यातून शेवटची बाहेर पडेपर्यंत, अंगानं वाटोळीच राहिली! बॉनेटच्या मी कलिंगडासारख्या सोळा फाका करून जोडल्या. हिने लांबूनच विचारलं, "अहो, कासव कुणासाठी?"

मग फियाटकडे वळलो. ही मूळची इटलीची ११००. १९६४ पासून कुर्ल्याला बनू लागली, १९७४ मध्ये तिचं 'पद्मिनी' असं बारसंही झालं. पण मुंबईकर मेला तरी तिला फियाटच म्हणणार. कागदाला ही गाडी भारी धार्जिणी. टप, दारं, डिकी, सगळं बऱ्यापैकी सपाट. दोन रविवारांत उभी राहिली.

रंगवली मात्र काळी-पिवळी. १९७५ साली मला प्रसूतिगृहातून गिरगावच्या चाळीत आणलं ते अशाच टॅक्सीतून. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हाच ठरवलं होतं की एक अण्णांच्या हातावर ठेवायची. अण्णांना हल्ली माणसं ओळखायला वेळ लागतो.

त्यांनी गाडी उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "मीटर कुठाय?"

आली का पंचाईत! त्या टॅक्सीचा मीटर बाहेर, पुढच्या डाव्या अंगाला असे. मी साफ विसरलो होतो.

"खिशात सात रुपये," अण्णा सांगू लागले. "तुझी आई मागून विचारतेय, बाळाचं नाक कुणावर गेलंय? मी कुठं बघितलं होतं? मी सारा वेळ मीटर बघत होतो."

रात्री काड्यापेटीचा पुठ्ठा कापून मीटर केला, टाचणीवर बसवला. सकाळी अण्णांनी चष्मा लावून तो बोटानं खाली पाडून बघितला. मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आईवर गेलंय," म्हणाले.